सांगलीत फुटबॉल चषक भरवतोय, ११ संघांची नावं आलीत. सामने कसे बसवावेत?

११ आकडा वाचूनच हसू आलं. आमच्या मिरजेतल्या पहिल्या स्पर्धेलाही बरोबर ११ च संघ होते आणि आम्ही चांगलीच माती खाल्ली होती.

आम्ही काय केलं, सरळ जोड्या लावल्या. पाच सामने, उरलेल्या एकाला बाय, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत. पुढच्या फेरीत सहा संघ, तीन सामने, झकास. मग राहिले तीन! पुन्हा एकाला बाय देणं आलं. चहावाल्याच्या पोराला स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायला लावली, तर पहिल्या फेरीत बसून राहिलेल्या संघाचंच नाव निघालं. एकच सामना खेळून गडी फायनलला. त्यात तो संघ आमच्याच गल्लीतला. दुसऱ्या संघाचा कॅप्टन चिठ्ठी उलटीपालटी करून बघत म्हणाला, "दादा, हिला घडी जरा जास्तच पडलीय का हो?" काय बोलणार? अजून कट्ट्यावर तो विषय निघतो.

तेव्हा सगळे बाय पहिल्या फेरीतच संपवा. २, ४, ८, १६ अशी दुपटीची संख्या धरायची. ११ च्या वरची १६, म्हणून १६ वजा ११, पाच संघांना बाय. बाकीचे सहा संघ तीन सामने खेळतील. जिंकणारे तीन आणि बायवाले पाच मिळून आठ झाले की उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे कुठेच अडत नाही. एकूण सामने दहाच, कारण बाद पद्धतीत एका सामन्यात एकच संघ घरी जातो. चिठ्ठ्या एकदाच काढा, सगळ्या कॅप्टनसमोर, आणि फायनलपर्यंतचा तक्ता त्याच दिवशी मैदानावर चिकटवा. नंतर डब्याला हात लावायचा नाही.

कुणीतरी म्हणेलच, साखळी खेळवू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, सगळ्यांना खेळायला मिळेल. ११ संघांची साखळी म्हणजे ५५ सामने. शनिवार-रविवार मिळून चार सामने धरले तरी १४ आठवडे. तेवढ्यात टेनिस बॉल क्रिकेटवाले मैदान घेऊन मोकळे होतील. बाद पद्धत चार आठवड्यांत उरकते आणि फायनलआधी पोरांना आठवडाभर विश्रांतीही मिळते.

तारखा ठरवताना कोल्हापूरकडे बघा. शाहू स्टेडियमवर हंगाम रंगात असताना तिकडच्या तालमींकडून खेळणारी पोरं तुम्हाला मिळणार नाहीत, आणि पाटाकडील-दिलबहार अशा तिथल्या दोन तालमींचा सामना असला तर आपल्याकडचे प्रेक्षकही गाडीला किक मारून तिकडे पळतात. मी स्वतः पळालोय, स्वतःची स्पर्धा चालू असताना. पावसाळ्याचं तर नावच काढू नका, आपल्या काळ्या मातीत बूट रुतून बसतो.

बरोबरी झाली तर? फायनल सोडून थेट टायब्रेकर घ्या, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी किक मारायच्या. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, जादा वेळेच्या नादात बॉल दिसेनासा होतो. पण एक नियम आधीच सांगून ठेवा. रेड कार्डमुळे एका संघात दहाच खेळाडू उरले असतील, तर टायब्रेकरसाठी समोरच्यानेही आपला एक खेळाडू कमी करायचा असतो. नाहीतर दहाजणांच्या संघाचा पहिला खेळाडू दुसऱ्यांदा किक मारायला येतो, तेव्हा समोरच्यांचा सगळ्यात कच्चा भिडू, अकरावा, पहिल्यांदाच येत असतो. आमच्याकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरून आलेल्या रेफरीने मोबाइलवर नियम काढून दाखवला तेव्हा कुठे आरडाओरडा थांबला.

आणि मैदान आखायची फक्की एक पोतं जास्त आणा. पहाटे फिरायला येणारी मंडळी पेनल्टी एरियातूनच चालतात.