चिंचेच्या गावाला जायचं तर...

बालीच्या पूर्वेकडच्या कारांगासेम जिल्ह्याचा मागे एकदा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतके प्रश्न आले की आजचा सगळा रकाना त्यालाच दिला आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बाली केलं. कुटा, उबुड, झोके, धबधबे आणि निम्मा वेळ ट्रॅफिक! पुन्हा जायचंय, पण तिकडे नको. कारांगासेम नक्की कुठे येतं आणि किती दिवस काढावेत? (पुणे)

विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. तिथून गाडीने दोन-अडीच तासांत तुम्ही जिल्ह्याच्या मुख्य गावी, अमलापुराला पोचता. हे नाव जरा घोळवून बघा. ‘आसेम’ म्हणजे चिंच किंवा आंबट, आणि ‘अम्ल’ही आंबटच. पूर्वी या गावाचंही नाव कारांगासेमच होतं. १९६३ साली आगुंग ज्वालामुखी फुटला, हजाराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर जुन्या नावाची इडापिडा टळावी म्हणून गावाला नवं नाव दिलं, असं तिथे सांगतात. म्हणजे नाव बदललं, पण आंबटपणा तसाच ठेवला!

किमान चार रात्री काढा. दोन सिदेमेनच्या खोऱ्यात भातखाचरांच्या काठी आणि दोन आमेद किंवा चांदीदासाला समुद्रावर. दक्षिणेत राहून ‘ईस्ट बाली डे टूर’ घेऊ नका. त्यात पाच ठिकाणी उतरवतात आणि एकही दिसत नाही. वाटेत तिर्ता गांगाला सकाळी आठच्या आत जा. शेवटच्या राजाने १९४८ च्या सुमारास बांधलेली ही झऱ्याच्या पाण्याची बाग. पाण्यातल्या दगडांवर पाय टाकत फिरायचं, खाली हे जाडजूड मासे. १९६३ च्या उद्रेकात बागेची नासधूस झाली होती, पुढे ती पुन्हा उभी केली. नाव आपल्याच गंगेचं, ‘तीर्थ गंगा’.

प्रश्न : लेम्पुयांगच्या मंदिराचा तो दरवाजा, मागे ज्वालामुखी आणि पुढे तळ्यात पडलेलं प्रतिबिंब. हा फोटो मला काढायचाच आहे. तळं वर्षभर भरलेलं असतं का? (ठाणे)

तळं नाहीच. मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली छोटा आरसा धरतात, त्यात तुमचं प्रतिबिंब पडतं. पुढ्यात असतं ते कोरडं फरसबंदी अंगण. टोकन घेऊन दोन-तीन तास रांगेत बसायचं आणि तीन पोझ द्यायच्या. हौस असेल तर जरूर करा, पण मग तिथूनच परत फिरू नका. तो दरवाजा पायथ्याच्या मंदिराचा आहे. खरं लेम्पुयांग लुहुर डोंगरमाथ्यावर, सुमारे सतराशे पायऱ्या चढून. रांगेतल्या शंभरातले पाचसुद्धा वर जात नसावेत. वर धुकं असतं, माकडं असतात आणि डोक्यावर नैवेद्याच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या आज्या असतात. त्या तुम्हाला मागे टाकतात.

प्रश्न : माझं माहेर येवल्याचं, घरात पैठणीचा माग होता. तेंगानान गावात दुहेरी इकत विणतात असं वाचलं. ते पटोळ्यासारखंच असतं का? बघायला मिळेल का? (नाशिक)

तुमच्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. ताणा आणि बाणा, दोन्हीचं सूत विणण्याआधीच बांधून रंगवायचं आणि मागावर नक्षी जुळवायची, हे जगात फार थोड्या ठिकाणी टिकलंय : आपल्याकडे पाटणचा पटोळा, जपानात काही भाग, आणि हे तेंगानान. फरक असा की पटोळा रेशमी, तर इथलं ‘ग्रिंगसिंग’ सुती. ‘ग्रिंग’ म्हणजे आजार, ‘सिंग’ म्हणजे नाही. अंगावर घेतलं की रोगराई दूर राहते, ही श्रद्धा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका ओसरीवर बाई कंबरेला माग बांधून बसल्या होत्या. एक आडवा धागा टाकायचा आणि लगेच टोकदार सुईने ताण्याचे धागे एकेक करून सरकवायचे, लालावर लाल येईपर्यंत. अर्ध्या तासात कापड बोटभरही वाढलं नाही. सूत आधी महिना-दीड महिना कुकुई बदामाच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात मुरवलेलं असतं. लाल रंग ‘आल’ नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीचा. आपल्याकडेही आलाचा लाल रंग पूर्वी चालायचा. निळी मात्र गावात करायची नाही असा दंडक, त्यासाठी सूत शेजारच्या बुगबुग गावाला जायचं. एक कापड पुरं व्हायला काही वर्षं लागतात, त्यामुळे किंमत ऐकून दचकू नका आणि घासाघीसही करू नका. पर्स, रुमाल स्वस्तात मिळाले तर ते ग्रिंगसिंग नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गावाची गोष्टही ऐकून जा. बेदाहुलूच्या राजाचा लाडका घोडा हरवला. नाव ओंचेस्रवा, म्हणजे आपला उच्चैःश्रवा! शोधायला निघालेल्यांना तो इथे मेलेला सापडला. राजा म्हणाला, मढ्याचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. राजाचा माणूस वास घेत निघाला. चालून चालून थकला, तरी वास जाईना. कारण सोबत चालणाऱ्या गावकऱ्याने घोड्याच्या मांसाचा तुकडा कपड्यांत लपवला होता. अशी म्हणे गावाला एवढी जमीन मिळाली. गावाचं दैवत इंद्र. त्याच्यासाठी साधारण जूनमध्ये, गावाच्या स्वतःच्या पंचांगाप्रमाणे, तरुण पोरं केवड्याच्या जातीच्या काटेरी पानांची जुडी एका हातात आणि वेताची ढाल दुसऱ्या हातात घेऊन झुंजतात. पाठी रक्ताळतात, मग हळद घातलेला झणझणीत लेप लावून घेताना सगळे हसत असतात. राग धरायचा नाही, हा नियम.

प्रश्न : बाली हिंदू आहे, मग आपल्याला मंदिरात थेट दर्शन मिळतं ना? बेसाकीला अभिषेक करता येईल का? (सोलापूर)

इथेच आपली मंडळी चुकतात. नावं ओळखीची दिसली की सगळं आपलंच वाटायला लागतं. बेसाकी हे आगुंगच्या उतारावरचं बालीतलं सगळ्यात मोठं मंदिर, पण त्याच्या गाभाऱ्यात मूर्ती शोधू नका. तिथे उंच, रिकामी दगडी आसनं आहेत, त्यांना पद्मासन म्हणतात. विधीच्या वेळी देव येऊन बसतो, एरवी आसन मोकळं. अभिषेक नाही. आतली अंगणं पूजा करणाऱ्यांसाठीच असतात. मनापासून हात जोडायचे असतील तर स्थानिक वाटाड्यामार्फत पुजाऱ्याला, म्हणजे पेमांकूंना, विचारा. कमरेला कामेन (लुंगीसारखं वस्त्र) आणि वर शेला बांधून खाली बसायचं, बोटांच्या टोकांत फूल धरून हात कपाळावर न्यायचे. मग अंगावर ‘तिर्ता’ शिंपडतात आणि भिजवलेले तांदूळ कपाळाला लावतात. तीर्थ आणि अक्षता म्हणा.

सोयर-सुतकाला तिथे ‘चुंताका’ म्हणतात. सुतकात किंवा मासिक पाळीत मंदिरात जायचं नाही, तशा पाट्याच असतात. पटो न पटो, तो वाद दारात घालू नये.

बेसाकी हे नाव वासुकीवरून आलं असं मानतात. सिदी मंत्र नावाचा जावाचा ब्राह्मण आगुंगपाशी येऊन घंटा वाजवायचा, नाग बासुकीला दूध द्यायचा आणि नाग त्याला सोनं द्यायचा. त्याचा पोरगा माणिक आंकेरान, पक्का जुगारी. त्याने घंटा लंपास केली, स्वतः आला आणि हावेपायी नागाच्या शेपटीवरचं रत्नच कापून पळाला. नागाने त्याची पावलं चाटली, तो जागच्या जागी भस्म. बापाने गयावया केली, शेपूट जोडून दिली, तेव्हा पोरगा उठला. पण त्याला देवाच्या सेवेला तिथेच ठेवून घेतलं. परत जाताना बापाने काठीने जमिनीवर रेघ ओढली. पाणी उसळलं आणि बाली जावापासून तुटली. पोरगं पुन्हा घरी येऊन जुगाराला लागू नये म्हणून मधे समुद्र घालणारा बाप मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

१९६३ चा उद्रेक झाला तेव्हा बेसाकीत एकादश रुद्र हा शतकातून एकदा होणारा महाविधी चालू होता. लाव्हा मंदिराजवळून गेला, मंदिर वाचलं. विधी रीतसर पुरा झाला तो १९७९ साली.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी तर मरणार नाही? (जळगाव)

नाही. तेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, ताहू म्हणजे टोफू, उराब ही खोबरं घातलेली भाजी, गाडो-गाडो म्हणजे शेंगदाण्याची चटणी घातलेल्या भाज्या, हे सगळं मिळतं. गोम फक्त तेरासीची. ही कोळंबीची आंबवलेली चटणी बिनमांसाच्या सांबालमध्येही (तिथल्या मिरचीच्या ठेच्यात) बिनधास्त पडते. ‘तानपा तेरासी’ (तेरासीशिवाय) हे दोन शब्द पाठ करा. सिबेतानची सालाक फळं खा. साल सापाच्या कातडीसारखी, आत लसणीसारख्या पाकळ्या.

मांसाहारी वाचकांना कुणी मेगिबुंगला बोलावलं तर चुकवू नका. ही या जिल्ह्याची खास पंगत : आठ जणांनी एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसायचं. आपल्या पुढ्यातलंच खायचं, हातातलं थाळ्यात परत पडू द्यायचं नाही आणि सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. शेजारच्या लोंबोक बेटावरच्या स्वारीत राजा सैनिकांसोबत असा जेवायला बसला, तिथून ही पद्धत आली म्हणतात.

प्रश्न : मुलाला स्नॉर्केलिंग करायचंय. (नागपूर)

तुलाम्बेन. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं अमेरिकेचं लिबर्टी हे मालवाहू जहाज इथे किनाऱ्याला लावलं होतं. १९६३ च्या हादऱ्यांनी ते पाण्यात सरकलं. वरचा भाग स्नॉर्केललाही दिसतो. किनारा गोट्यांचा आहे, जुने बूट न्या.

प्रश्न : गुढीपाडव्याच्या सुट्टीला जोडून जावं म्हणतो. हवा कशी असते? (डोंबिवली)

हवेचं सोडा, आधी पंचांग बघा. बालीतही शक संवत्सर चालतं, आकडासुद्धा आपलाच. त्यांचं नववर्ष म्हणजे न्येपी. कधी ते पाडव्याच्या आसपास येतं, कधी महिनाभर आधी. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच, शके १९४८. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या अक्राळविक्राळ राक्षसांच्या मिरवणुका, आणि दुसऱ्या दिवशी चोवीस तास सगळं बंद. दिवा नाही, चूल नाही, रस्त्यावर पाऊल नाही, विमानतळसुद्धा बंद. पर्यटकांनीही हॉटेलातच बसायचं. तेव्हा त्या तारखेचं तिकीट काढू नका. दोन दिवस आधी पोचून सिदेमेनला एखाद्या घरगुती मुक्कामी राहा आणि यजमानीणबाईंना दुसऱ्या दिवशीचं खाणं आदल्या रात्रीच करून ठेवायला सांगा.