मुलीला स्पर्धेत पॉयझन्ड पॉन खेळू द्यावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगी पॉयझन्ड पॉन, म्हणजे सिसिलियन नायडॉर्फ या सुरुवातीतला ‘विषारी प्याद्या’चा प्रकार, शिकलीये, नाशिकच्या पुढच्या रेटिंग स्पर्धेत तोच खेळायचा हट्ट धरून बसलीये आणि तिचे सर नको म्हणतायत. मी इथेच नाशकात मुलांना बुद्धिबळ शिकवतो. माझं मत विचाराल तर खेळू द्या. फक्त त्याआधी १९७२ च्या रेक्याविकमधल्या स्पास्की-फिशर जगज्जेतेपदाच्या लढतीतला ११ वा डाव तिला पटावर मांडायला लावा. चाली सुचवणारं संगणकावरचं इंजिन बंद ठेवून.

पॉयझन्ड पॉनमध्ये काळ्याचा वजीर आठव्याच चालीला बी२ या घरावरचं पांढऱ्याचं प्यादं खातो. फिशरचं हे लाडकं हत्यार. त्याच लढतीतल्या ७ व्या डावात त्याने ते वापरलं, बरोबरी झाली. ११ व्या डावात मात्र पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या स्पास्कीने चौदाव्या चालीला सी३ वरचा घोडा चक्क परत बी१ वर नेला. हल्ला चढवायच्या वेळी घोडा माघारी! मुलांना मी इथेच थांबवतो, का ते विचारतो. बी१ वरून घोडा तोवर ए३ वर गेलेल्या काळ्या वजिरावर नेम धरतो. वजीर बी४ वर येऊन वजिरावजिरी मागतो. स्पास्की ती टाळून आपला वजीर ई३ वर नेतो. फिशरचा राजा अजून मधल्याच पट्टीत आणि वजीर शत्रूच्या गोटात एकटा. चोविसाव्या चालीला पांढऱ्याने प्यादं ए४ वर ढकललं आणि बी५ वरच्या वजिराला निसटायला घरच उरलं नाही. एकतिसाव्या चालीला फिशरने डाव सोडला. त्या लढतीत पुढे त्याने हे प्यादं परत खाल्लं नाही.

हा डाव मला फार प्रिय आहे, कारण पाठांतर कुठे संपतं ते तो दाखवतो.

म्हणून मुलीला चाली म्हणून दाखवायला सांगू नका. बी२ खाल्ल्यावर प्रत्येक चालीला एवढंच विचारा: ‘वजीर परत कुठून येणार?’ बिनचूक सांगता आलं, तर आधी क्लबातल्या रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या, डावांत खेळू दे, मग रेटिंग स्पर्धेत. आणि हे सरांशी बोलूनच करा. त्यांचा नकार कदाचित याच प्रश्नापायी असेल.