व्हिसा मिळाला, आता स्टेटस सांभाळ

तुझे प्रश्न तीन. ऑगस्टमध्ये एमएसला अमेरिकेत निघतो आहेस आणि पासपोर्टवर पाच वर्षांचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा आहे, तर पहिली सेमिस्टर हलकी घेऊन फीचा भार कमी करता येईल का? सीनियर म्हणतो तसं देशी दुकानात कॅशवर काम चालतं का? आणि दिवाळीला कोथरूडला येऊन जाता येईल का? पहिल्या दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे. तिसऱ्याला: येता येईल, पण दिवाळीला नको.

आधी ती पाच वर्षं डोक्यातून काढ. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून मिळालेला व्हिसा तुला अमेरिकेच्या दारापर्यंत नेतो. आतलं कायदेशीर राहणं, म्हणजे तुझं स्टेटस, चालतं ते आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या कागदावर आणि सेविस नावाच्या सरकारी नोंदीवर. तू ३५० डॉलर भरलेस ना, ते याच नोंदीचे. व्हिसा संपला तरी नोंद चालू आणि शिक्षण नियमात असेल तर राहता येतं. उलट व्हिसाची चार वर्षं शिल्लक असली आणि नोंद रद्द झाली, तर त्या चार वर्षांचा काही उपयोग नाही. उतरल्यावर आय-९४, म्हणजे देशात आल्याची नोंद, डाउनलोड करून स्वतः वाच. विद्यार्थ्यांना त्यावर तारखेऐवजी 'डी/एस' लिहून मिळत आलं आहे, म्हणजे शिक्षण नियमात चालू आहे तोवर मुक्काम. त्याऐवजी ठरावीक तारीख द्यावी असा प्रस्ताव तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. त्यामुळे तुझ्या आय-९४ वर काय छापलंय ते सीनियरला विचारण्यात अर्थ नाही. त्याचा कागद जुन्या काळातला.

आपल्याकडे आधी मजला चढवतात, मग गुंठेवारीत दंड भरून नियमित करून घेतात. ती सवय विमानात बसण्याआधी सोड. इथे आधी परवानगी, मग कृती. ही परवानगी देणारा माणूस म्हणजे विद्यापीठातला डीएसओ. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या ऑफिसात चेक-इन कर, कारण कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुझी नोंदणी त्याला सेविसमध्ये दाखवावी लागते.

आता सेमिस्टर. मास्टर्सला पूर्ण भार किती हे विद्यापीठ ठरवतं, बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिट. त्यात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. एखादा विषय झेपत नसेल तर भार कमी करून मिळू शकतो, पण कारणं मोजकी आहेत: आजारपण, सुरुवातीला तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीशी किंवा इंग्रजीशी न जमणं, चुकीच्या पातळीचा विषय घेतला जाणं, किंवा शेवटच्या सेमिस्टरला तेवढेच विषय उरणं. पैसे वाचवणं या यादीत नाही. आणि खरं कारण असलं तरी विषय सोडण्याआधी डीएसओची मंजुरी हवी. पोर्टलवर 'ड्रॉप'चं बटण दाबून मग मेल लिहिणारी मुलं दर वर्षी निघतात.

कॅशच्या कामाबद्दल तर वाद घालूच नकोस. कॅम्पसवर, म्हणजे लायब्ररी, मेस, टीए (शिकवण्यात मदतनीस) वगैरे, सत्र चालू असताना सगळं मिळून आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ. किराणा दुकान, पेट्रोल पंप, मित्राच्या नावावरचं डिलिव्हरी ॲप हे सगळं बेकायदा काम. सीनियर पकडला गेला नाही, एवढंच त्याच्या सल्ल्याचं भांडवल. स्टेटस गेलं तर 'रीइन्स्टेटमेंट'चा, म्हणजे ते परत मिळवण्याचा अर्ज असतो खरा, साधारण पाच महिन्यांच्या आत करायचा, पण विनापरवाना काम केलेल्याला ती वाट बंद. हिंजवडीतल्या जुन्या कंपनीचं काम रात्री तिथून करायचा विचार असेल, तर पगार पुण्याच्या खात्यात येतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. तू बसलेला अमेरिकेत असशील. डीएसओला विचारल्याशिवाय नको.

कायदेशीर कमाईचे मोठे रस्ते पुढे आहेत. शिकत असतानाच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी ही परवानगी, तीही आय-२० वर मंजुरी छापून आल्यावरच. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पातळीवरची ओपीटी, म्हणजे कोर्सनंतर नोकरी करायची परवानगी, गेली, हे लक्षात ठेव. ओपीटी १२ महिन्यांची, तुझ्या कॉम्प्युटर सायन्सला वर २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) वाढ. अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, आणि डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो पोहोचावा लागतो. ओपीटीच्या पहिल्या वर्षात बेकारीचे दिवस एकूण ९०च चालतात. एवढा हिशोब आत्तापासून कर्जाच्या हप्त्यांशेजारी मांडून ठेव.

घर बदललंस की १० दिवसांत नवा पत्ता कळव. सुरुवातीला कुणाच्या तरी हॉलमध्ये गादी टाकून राहायचं आणि मग फ्लॅट घ्यायचा, यात ही गोष्ट हमखास राहते. एक डॉलर कमावला नाहीस तरी तिथल्या कर खात्याचा फॉर्म ८८४३ भरायचा. कमावलास तर रिटर्नही, आणि ते अनिवासी म्हणून. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना त्यात स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातली ठरावीक वजावट, मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. फुकटचं सॉफ्टवेअर वापरशील तर ते निवासी फॉर्म तर भरत नाही ना, एवढं बघ.

आणि दिवाळी. ती ऐन सत्रात येते, मिडटर्मच्या आसपास, आणि तिथे सुट्टी नसते. डिसेंबरच्या मध्यावर ये. निघण्याआधी आय-२० वर डीएसओची प्रवासाची सही घे. शिकत असताना ती वर्षभर चालते, ओपीटीवर सहाच महिने. परतताना विमानतळावर तोच कागद मागतात, तेव्हा तो चेक-इन बॅगेत चकलीच्या डब्याखाली जाऊ देऊ नकोस.