आजीच्या दगडावरचा ‘निद्रिस्त’ हा शब्द

प्रिय लेकीस,

सप्रेम सलाम.

शुक्रवारी रात्री आत्याने नगरहून आजीच्या कबरीच्या दगडावर कोरायचा मजकूर पाठवला, तेव्हा तू मला दोन प्रश्न विचारलेस. आजी वारली हे सगळ्यांना ठाऊक असताना ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असे का लिहायचे, हा पहिला. जिने चाळीस वर्षे नर्स म्हणून परक्यांच्या जखमा धुतल्या ती शेवटची तीन वर्षे अंथरुणाला खिळून गेली आणि तिच्या वाट्याची जमीन बळकावणारा नातेवाईक मात्र अजून धडधाकट आहे, हे देवाला दिसत नाही का, हा दुसरा. जेवणाच्या टेबलावर मला नीट बोलता आले नाही, म्हणून लिहितो.

आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी हा शब्द मरण झाकण्यासाठी घेतलेला नाही. तुझ्या रोजच्या इंग्रजीतला ‘सिमेट्री’ हा शब्दही ‘झोपण्याची जागा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे, आणि कबरस्तानाला तो लावण्याची रीत पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी रुजवली. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मरण पावते. येशू म्हणतो की ती मेली नाही, झोपली आहे, आणि जमलेले लोक त्याला हसतात. तो तिचा हात धरून म्हणतो, ‘तलीथा कूम’, म्हणजे ‘मुली, ऊठ’. सारे पुस्तक ग्रीक भाषेत लिहिणाऱ्याने हे दोन शब्द मात्र येशूच्या अरामी बोलीतच जपून ठेवले. सुट्टीत नगरला आजी तुला रोज सकाळी हात धरून उठवत असे, म्हणून हे दोन शब्द वाचताना मला तिचाच आवाज ऐकू येतो. आजीला निद्रिस्त म्हणताना मरण हलके होते असे आपण म्हणत नाही. तिला उठवणारा कोणीतरी आहे, एवढे आपण म्हणतो.

आदल्या रात्री पेटी-तबल्यावर भजने गाणारी आत्या माती देताना इतकी का कोसळली, हेही तुला कळले नव्हते. लाजर या आपल्या मरण पावलेल्या मित्राच्या कबरीपाशी, त्याला आता आपण उठवणार हे ठाऊक असूनही, येशू रडला. थेस्सलनीके शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना प्रेषित पौलानेही रडू नका असे सांगितलेले नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखे रडू नका, असे सांगितले आहे. त्यामुळे आत्याचे गाणे आणि तिचे रडणे यांत मला विसंगती दिसत नाही.

तुझा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. शेजारच्या काकूंनी अगदी मायेने, आजीचे हे मागच्या जन्मीचे भोग होते, असे म्हटले. त्यांच्या मायेचा आदर ठेवूनही मला ते मान्य करता येत नाही, कारण जन्मांध माणसाकडे बोट दाखवून ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही नाकारले. दुष्टांची भरभराट पाहून आपले पाय घसरू लागले होते, असे 73व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ उघडपणे म्हणतो, आणि ती तक्रार पवित्र शास्त्रात तशीच ठेवलेली आहे. तेव्हा हा प्रश्न विचारणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे कधी समजू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात आपण ऑक्सफर्डहून बसने वाँटेजला गेलो होतो, ते आठवते ना? 1883 साली तिथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंची आई, वडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेली होती. भाऊ 1880 मध्ये गेला. 1882 मध्ये नवरा गेला, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. पुढे केडगावला मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, आणि आपल्यामागे हे काम जिच्या हाती द्यायचे ती मनोरमाच जुलै 1921 मध्ये त्यांच्याआधी गेली. यात न्याय कुठे आहे, ते मला दाखवता येणार नाही. एवढे मात्र खरे की, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल आणण्याचे काम रमाबाईंनी त्या दुःखातही सोडले नाही, ते अखेरच्या दिवसांत पुरे केले, आणि एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या. मुलीचा हिशेब कबरीपाशी संपला असे त्यांनी मानले असते, तर ते काम त्यांच्या हातून झाले असते असे मला वाटत नाही.

आपली आशाही हिशेब न संपण्याचीच आहे. आजीवर अन्याय झाला. तो तिच्या भल्यासाठीच होता असे मी तुला कधीही सांगणार नाही, आणि स्वर्ग आहे म्हणून जमिनीची तक्रार सोडून द्या असे आत्यालाही सांगणार नाही. पुनरुत्थानानंतर येशूने आपला शिष्य थोमा याला आपले हात दाखवले तेव्हा खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या; मरणावर जय मिळाला, तरी त्याला काय सोसावे लागले ते पुसले गेले नाही. म्हणून माझा विश्वास आहे की आजी उठेल तेव्हा तिच्या त्या तीन वर्षांचीही दखल घेतली जाईल, आणि तिचे डोळे पुसणाऱ्याला ती का रडली हे ठाऊक असेल.

दगडावर नाव आणि तारखांखाली एका ओळीची जागा उरली आहे. तिथे कोणते वचन घालायचे ते तू निवडावेस, अशी आत्याची इच्छा आहे. पाथरवट सोमवारी काम सुरू करणार आहे, तेव्हा रविवारी उपासनेनंतर तिला फोन कर.

तुझे पप्पा