वाचकांचे प्रश्न : ताणलेल्या दोऱ्या आणि झिजलेला बार

प्रश्न : मी मोरजीच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंग करतो, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरतो. पतंग हाताळायचा माझा चार दोऱ्यांचा बार (आडवा दांडा) जुना झाला असून, हल्ली तो अंगाकडे ओढला की पतंग मागे रेलतो, वळेनासा होतो आणि पाठीवर कोसळतो. शिवाय बारच्या मधल्या भोकातून जाणाऱ्या दोराचे वेष्टण विसविशीत झाले आहे. पतंग बदलावा की बार? – एक वाचक, पेडणे

उत्तर : पतंगाला दोष देण्याआधी आपण दोऱ्या मोजाव्यात. मधल्या दोन दोऱ्या थेट हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) जोडलेल्या असल्याने ओढीचा मोठा वाटा त्याच पेलतात, आणि डायनीमासारखा चिवट धागाही कालांतराने ताणून कडेच्या दोऱ्यांपेक्षा लांब होतो. मग कडेच्या दोऱ्यांना बांधलेली पतंगाची मागची कड कायम खेचलेली राहते, कापडाला धरून वाहणारा वारा सुटतो आणि पतंग मागे पडतो. ट्रिमचा, म्हणजे मधल्या दोऱ्या आखूड करण्याचा, दोर थोडा ओढून ठेवला की हे लक्षण झाकले जाते खरे, पण वारा वाढल्यावर जोर कमी करण्यासाठी राखायची ओढ त्यात आधीच खर्ची पडते, म्हणून हा उपाय मला मुळीच मान्य नाही.

दुपारचा वायव्येचा वारा सुटण्यापूर्वी चारही दोऱ्यांची टोके एकाच भक्कम खांबाला अडकवावीत, ट्रिम पूर्ण सैल सोडावा, मधल्या दोराची कडी हार्नेसच्या हुकात अडकवून अंगाचा भार मागे टाकावा आणि बार शेवटपर्यंत खाली ओढावा. तो हुकाच्या कडीपासून चार बोटे वरच अडला, तर कडेच्या दोऱ्या आखूड आहेत. एका बाजूला कलला, तर त्या दोघींतच फरक आहे. बारच्या टोकांकडील जोडदोरांना समायोजनाच्या गाठी असतील, तर कडेच्या दोऱ्या बारपासून दूरच्या, बाहेरच्या गाठीवर घ्याव्यात. गाठी संपल्या असतील, तर दोऱ्यांचा संच बदलावा. उडत्या दोरीला मधेच गाठ मारून लांबी जुळवू नये, कारण गाठीपाशी तिची ताकद बरीच घटते.

विसविशीत झालेला मधला दोर मात्र आजच काढून टाकावा. त्याच्यावरच आपला सगळा भार असतो, आणि मिठाचे खडे व वाळू त्याचे तंतू आतूनही कापत असतात. नवा दोर घालण्यापूर्वी बारच्या भोकात कापसाचा बोळा फिरवून पाहावा. धागे अडकले, तर आतली कड धारदार झाली आहे असे समजून तो भाग बदलावा, एरवी नवा दोरही तसाच झिजेल.

क्विक रिलीज (संकटात पतंगाची ओढ तत्काळ सोडवणारे साधन) दरवेळी गोड्या पाण्यात बुडवून अनेकदा उघडबंद करावे. त्याला तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्यावर वाळू चिकटते. किनाऱ्यावर, अंगाचा भार असताना ते एका झटक्यात सुटत नसेल, तर त्या बारने पाण्यात उतरू नये. ते नीट सुटत असेल आणि बारच्या दांड्याला तडा नसेल, तर पतंग किंवा अख्खा बार बदलण्याची गरज नाही. मधला दोर बदलणे आणि दोऱ्या जुळवणे, किंवा गाठी संपल्या असतील तर त्याही बदलणे, पुरेसे आहे.