बडोद्याचा ढब्बू पैसा: त्यावरचा १९४९ इसवी नव्हे

ताई, तुमचे दोन प्रश्न: डब्यात सापडलेलं, घोड्याचा खूर, समशेर आणि 'दोन पैसे १९४९' असा ठसा असलेलं तांब्याचं नाणं बडोदा संस्थानाच्या विलीनीकरणाच्या वर्षाचं का, आणि ते चिंचेनं घासावं का?

घासू नका. हे आधी, कारण एकदा घासलं की परत फिरता येत नाही.

१९४९ हा विक्रम संवत आहे. सालाच्या वर झिजलेला शब्द 'संवत' असणार. नाणं तिरपं धरून बाजूनं उजेड टाका, अक्षरं उठतात. गुजराती पंचांगात संवत कार्तिकात बदलतो, त्यामुळे हे वर्ष १८९२ च्या दिवाळीपासून १८९३ च्या दिवाळीपर्यंत चाललं. नुसते ५७ वजा केले की १८९२ येतं, नाण्यांच्या सूच्यांमध्ये बहुधा तेच छापतात. आपल्या सवयीनं शक धरून ७८ मिळवाल तर २०२७ येईल, म्हणजे तो शक नाही हे उघडच आहे. आणखी पक्की खूण कडेच्या नावात आहे. ते सयाजीरावांचं, म्हणजे तिसऱ्या सयाजीरावांचं. ते १८७५ ला गादीवर आले आणि १९३९ ला वारले. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात गेलं तेव्हा गादीवर प्रतापसिंहराव होते. शिवाय बाबाशाही, म्हणजे बडोद्याचं स्वतःचं चलन विसाव्या शतकाच्या आरंभीच बंद होऊन ब्रिटिश नाणी आली होती. 'संस्थानचं शेवटचं नाणं' म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर ते मुळात चूक आहे.

दोन पैसे म्हणजे अर्धा आणा, रुपयाला बत्तीस. यालाच आपल्याकडे ढब्बू म्हणत. आधीच्या हातठशाच्या पैशांवर राजाच्या नावाचं नागरी आद्याक्षर आणि समशेर असे, पण ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मजकूर कापला जाई. तुमचं नाणं यंत्रावरचं आहे, म्हणून पूर्ण वर्तुळ दिसतं. समशेर गायकवाडांच्या 'समशेरबहादूर' बिरुदाशी जुळते. तो किताब १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर दमाजी गायकवाडांना मिळाला.

आता हिरव्या डागांचं. गुळगुळीत, घट्ट तपकिरी-हिरवा थर हे नाण्याचं कवच आहे, ते राहू द्या. चिंच किंवा पितांबरी तो थर खाते, खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं, बारीक चरे येतात आणि किंमत निम्म्याहून खाली जाते. मात्र फिकट हिरवी भुकटी, जी टोकदार काडीनं सुटते, ती क्लोराइडची कीड आहे. दमट हवेत ती धातू पोखरत जाते. असं नाणं इतरांपासून वेगळं करा, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर तरी. मग टिपून पूर्ण वाळवा. चिकट हिरवट थर असेल तर तो मऊ पीव्हीसी अल्बमचा प्रताप. तो शुद्ध ॲसिटोननं निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतात.

नंतर आम्लरहित कागदी पाकिटात ठेवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. बडोद्याच्या पावसाळ्यात ती महिन्याला बदलावी लागते.