गणित-जिज्ञासा : ६४१ हाच भाजक का?

प्रश्न : २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे, असे फ्रेंच गणिती फर्मा मानत असे, प्रत्यक्षात तिला ६४१ ने भाग जातो, असे वाचनात आले. संगणक नसताना हा भाजक कसा सापडला? लांबलचक भागाकार न मांडता त्याची खात्री करून घेता येईल का?

उत्तर : फर्माची समजूत निराधार नव्हती. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांत १ मिळवल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात व त्या पाचही मूळ आहेत. त्यामुळे पुढच्याही मूळच असतील, असे त्याला १६४० च्या सुमारास वाटले. सहाव्याच संख्येपाशी हा अंदाज चुकला, हे १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवले.

हा भाजक नशिबाने हाती लागलेला नाही. समजा, प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग प ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी) आणि म्हणून ६४ व्या घाताची बाकी १ येते; त्याहून लहान कोणत्याही घाताची बाकी १ येत नाही, आणि फर्माच्याच छोट्या सिद्धांतानुसार २ च्या (प – १) व्या घाताची बाकी १ असते, म्हणून प – १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या आहेत. एरवी ६५,५३६ पर्यंतच्या, म्हणजे आपल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या, सुमारे साडेसहा हजार मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. इथे पाचव्याच प्रयत्नात काम होते!

आता खात्रीकडे वळू. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या मांडणीवरून, ६४१ ने भागल्यास ५ × २⁷ ची बाकी उणे १ येते. चौथा घात घेतल्यावर ५⁴ × २²⁸ ची बाकी १ होते. दुसऱ्या मांडणीवरून ५⁴ च्या जागी उणे २⁴ लिहिता येते. म्हणजे उणे २³² ची बाकी १ उरते, अर्थात २³² + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. इतकी नेटकी सिद्धता अंकगणितात क्वचितच आढळते. उरलेला अवयव ६७,००,४१७ हाही मूळच आहे.

६४१ माहीत नसतानाही ही संख्या संयुक्त असल्याचे ओळखण्याची आणखी एक वाट आहे. कोणतीही मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता आलीच, तर ती एकाच प्रकारे लिहिता येते. आपली संख्या ६५,५३६² + १² तर आहेच, शिवाय ६२,२६४² + २०,४४९² ही बेरीजही तीच येते. वाचकांनी ती स्वतः करून पाहावी.